प्रकाश लहान होत नाही

चोवीसने भागायचे, एवढेच मोटारींच्या छोट्या प्रतिकृती करण्याच्या या छंदाचे गणित. १९६६ सालची फोक्सवॅगन बीटल लांबीला सुमारे ४.०७ मीटर होती. तिला चोवीसने भागले की माझ्या टेबलावरची बीटल १७ सेंटीमीटरांत मावते. तिची पंधरा इंची रिम १६ मिलिमीटरची होते. दार आणि बॉडी यांच्यामधली चार मिलिमीटरची फट ०.१७ मिलिमीटरवर येते, म्हणजे वहीच्या दोन पानांच्या जाडीहूनही कमी. वजन मात्र लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही अंगांनी घटते, त्यामुळे तिथे चोवीसने तीनदा भागावे लागते आणि आठशे किलोच्या आसपासची ती गाडी हिशेबाने अवघी ५८ ग्रॅमची ठरते. हे आकडे मला तोंडपाठ आहेत, कारण गेली अनेक वर्षे रात्री घरातली निजानीज झाली की मी टेबलावरचा दिवा लावून अशाच एखाद्या गाडीपुढे बसतो.

सुरुवातीची काही वर्षे माझी अशी ठाम समजूत होती की भागाकार अचूक आला की गाडी खरी दिसणारच. तसे झाले नाही. मापे बिनचूक असूनही माझ्या गाड्या खेळण्यासारख्या दिसत आणि त्यांत नेमके काय चुकते आहे ते मला सांगता येत नसे. ते उमगायला फार वेळ लागला. गाडीतल्या सगळ्याच गोष्टींना चोवीसने भाग जात नाही. रंगाचा थर, धुळीचा कण, पाण्याचा थेंब, माझ्या बोटाचा ठसा, रंग वाळायला लागणारे तास, आणि या सगळ्यांच्या वर प्रकाश, हे सारे आहे त्याच मापाचे राहते. मॉडेल करणाऱ्याची खरी मेहनत या न भागल्या जाणाऱ्या गोष्टींवर खर्ची पडते, असे आता माझे मत झाले आहे.

रंगाचेच उदाहरण घेऊ. खऱ्या गाडीच्या पत्र्यावर प्रायमरपासून वरच्या चकाकीपर्यंत सगळे थर मिळून साधारण ०.१ मिलिमीटर जाडी भरते. मी माझ्या बीटलवर तेवढाच रंग चढवला, तर तो मूळ गाडीवर २.४ मिलिमीटरचा लेप दिल्यासारखा होईल. दारांच्या फटी बुजतील, मागच्या झाकणावरची अक्षरे गोळा होतील, पन्हाळीची धार बोथट होईल आणि सगळी गाडी जणू मेणात बुडवून काढल्यासारखी दिसेल. चकाकत्या धातुरंगाची अडचण त्याहून मोठी आहे. खऱ्या रंगातला अ‍ॅल्युमिनियमचा कण २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरला, तर मॉडेलवर तो जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरच्या चकतीसारखा वागतो आणि डोळ्याला लगेच खटकतो. म्हणून मॉडेलसाठीचे रंग फार बारीक दळलेले असतात, दुधाइतके पातळ करून एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने फवारून, मारावे लागतात आणि एका जाड हाताऐवजी चार-पाच विरळ हात द्यावे लागतात. अशा रंगांची वाफ श्वासात जाऊ देऊ नये. मास्क आणि उघडी खिडकी यांच्याशिवाय मी रंगाची बाटली उघडत नाही.

तरीही गाडी खरी का दिसत नाही, हे मला कोणा मॉडेल करणाऱ्याने सांगितले नाही. ते सांगितले खऱ्या गाड्यांचे डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्या एका मिस्त्रींनी. त्यांच्याकडे एक जुनी बीटल दुरुस्तीला आली आहे असे कळले, तेव्हा मी मोजपट्टी, वही आणि कॅमेरा घेऊन तिथे गेलो. मिस्त्रींनी हरकत घेतली नाही. मी मडगार्डची रुंदी मोजत होतो, दरवाजाच्या मुठीचे अंतर टिपत होतो, आणि ते शेजारी उकिडवे बसून दारावरून ओला पॉलिश पेपर फिरवत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी दार पुसले, मान तिरकी केली आणि मला जवळ बोलावले. ‘‘रंग नका बघू,’’ ते म्हणाले, ‘‘ट्यूब बघा.’’ छताला लावलेल्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब दारात पडले होते. मिस्त्री डोके जसे हलवत होते तशी ती पांढरी रेघ पत्र्यावरून सरकत होती आणि एका ठिकाणी आली की ती किंचित थरथरत होती. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीही दिसत नव्हते. बोटाला जेमतेम जाणवत होते. ‘‘लाट आहे,’’ असे म्हणून त्यांनी तिथे खडूने गोल केला आणि पुन्हा पॉलिश पेपर हातात घेतला.

त्या रात्री घरी येऊन मी माझ्या जुन्या गाड्या एकेक करून दिव्याखाली धरल्या. एकीच्याही छतावर दिव्याची रेघ सरळ पडली नाही.

प्लॅस्टिकच्या किटमधली, म्हणजे जोडून गाडी करायच्या सुट्या भागांच्या संचातली, बॉडी बाहेरून गुळगुळीत दिसते, पण ती पोलादी साच्यात दाबाने भरलेल्या वितळलेल्या पॉलिस्टायरिनची असते आणि साच्याच्या खुणा अंगावर घेऊन येते. साच्याचे भाग जिथे मिळतात तिथे एक बारीक शीर उठलेली असते. बीटलच्या मडगार्डवर ती नेमकी उजेड पडतो त्या गोलाईवरून जाते. जिथे प्लॅस्टिक जाड आहे तिथे ते निवताना आत ओढले जाते आणि वर उथळ खळगा राहतो. आतल्या बाजूला साच्यातून भाग ढकलून काढणाऱ्या खुंट्यांचे गोल ठसे असतात. शीर पात्याच्या पाठीने खरवडून काढायची, खळग्यात लांबी (पुट्टी) भरायची, ती पूर्ण वाळू द्यायची, मग सहाशे, हजार, दीड हजार, दोन हजार अशा नंबरांचे पॉलिश पेपर पाण्यातून फिरवायचे, राखाडी प्रायमरचा एक विरळ हात द्यायचा आणि दिव्याखाली रेघ सरकवून बघायची. बहुतेक वेळा रेघ कुठेतरी मोडते आणि सगळे पुन्हा करावे लागते. या कामात दाखवण्यासारखे काहीच निर्माण होत नाही. चार-चार रात्री बसून शेवटी हातात येते ते एक राखाडी कवच, पण पुढे रंगाला जे काही तेज येणार आहे, ते या चार रात्रींतच ठरलेले असते.

हे एक चोवीसांशचे प्रमाण कुठून आले, याचे मला पूर्वी कुतूहल होते. उत्तर साधे निघाले: एका फुटाला अर्धा इंच. एक त्रेचाळीसांश हे प्रमाण मात्र रेल्वेच्या खेळण्यांतून आले. ब्रिटनमध्ये ओ गेज या मापाच्या खेळण्यातल्या रेल्वेसाठी एका फुटाला सात मिलिमीटर धरत, त्याचा भागाकार साडेत्रेचाळीस येतो, आणि लिव्हरपूलच्या मेकानो कंपनीने १९३४ साली डिंकी टॉइज या नावाने ज्या छोट्या धातूच्या गाड्या बाजारात आणल्या, त्या मुळात तिच्याच हॉर्नबी या खेळण्यातल्या रेल्वेच्या स्टेशनाबाहेर उभ्या करण्यासाठीच होत्या. अमेरिकेत एक पंचविसांश रुळले, कारण तिथल्या मोटार कंपन्यांचे विक्रेते नव्या गाडीच्या जाहिरातीसाठी त्या मापाच्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृती ठेवत आणि किट करणाऱ्यांनी तेच माप पुढे चालवले. १९६८ साली हॉट व्हील्स या खेळण्यांच्या पहिल्या सोळा गाड्या आल्या. त्यांना आपण सगळे एक चौसष्टांश म्हणतो, पण प्रत्येक गाडी ठरावीक आकाराच्या वेष्टनात बसवायची असल्यामुळे मोठी मोटार आणि लहान मोटार तिथे जवळजवळ सारख्याच लांबीच्या होतात. मला ती तडजोड कधीच आवडली नाही, पण त्या गाड्यांची चाके ज्या सहजतेने पळत, त्यापुढे लहानपणी माझी काही तक्रार नव्हती.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जवळचे वाटते ते १९५८ साल. त्या वर्षी अमेरिकेतल्या एएमटी कंपनीने एकाच खोक्यात तीन गाड्यांचे भाग घालून दिले: कारखान्यातून निघाली तशी, हौसेने बदललेली आणि शर्यतीची. यांतली कोणतीही एक करायची आणि उरलेले भाग पुढच्या कामासाठी डब्यात टाकायचे. त्यापूर्वीही लोक किट कापत आणि जोडत असतीलच, पण इथे बदल करण्याची मुभा खोक्यावरच छापून आली. माझ्या कपाटातला उरलेल्या भागांचा डबा आज किटांपेक्षा जास्त जागा व्यापतो आणि एका गाडीचा आरसा दुसरीला, तिसरीचे सीट चौथीला असे जे काम आम्ही करतो, त्याचे मूळ त्या खोक्यात आहे. त्याहूनही आधी, १९३० पासून १९६८ पर्यंत, जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाची मुलांसाठी एक स्पर्धा चालत असे. सुरुवातीला तिच्यात नेपोलियनकालीन बग्गीची प्रतिकृती करायची असे. पुढे १९३७ पासून स्वतःच्या कल्पनेतली मोटार एक बारांश प्रमाणात घडवणेही आले. लाकूड, प्लास्टर आणि धातू यांतून मुलांनी हाताने कोरलेल्या त्या गाड्यांची छायाचित्रे मी तासन्‌तास पाहिली आहेत. त्यांतले कितीतरी जण पुढे मोटारींचे आरेखन करू लागले. त्या छायाचित्रांत मी आता पहिल्यांदा काय पाहतो, तर छतावरून प्रकाश कसा वाहतो आहे ते.

माझ्या बीटलला कारखान्यातल्या नव्या गाडीचे रूप द्यायचे नव्हते आणि प्रदर्शनातल्या सजवलेल्या गाडीचेही नव्हते. कुणीतरी रोज चालवलेली, जरा खाली बसवलेली, एक मडगार्ड बदललेली गाडी मला हवी होती. बीटलची मडगार्डे बोल्टने बसवलेली असत, मडगार्ड आणि बॉडी यांच्यामध्ये रबराची पट्टी असे. त्यामुळे ठोकर बसली की मडगार्ड तेवढे बदलता येई आणि वेगळ्या छटेचे एक मडगार्ड घेऊन फिरणारी बीटल हे एके काळी अगदी ओळखीचे दृश्य होते. किटमध्ये ही पट्टी बॉडीवरच उठावाने दिलेली होती. मी ती खरवडून काढली, तिथे पात्याने खोल रेघ पाडली आणि रंगकाम संपल्यावर त्या रेघेत ताणून बारीक केलेला काळा प्लॅस्टिकचा धागा बसवला. किटची जी चौकट आपण भाग तोडून झाल्यावर फेकून देतो, तिचाच एक तुकडा मेणबत्तीच्या आचेवर मऊ करून ओढला की असा धागा मिळतो.

गाडी खाली बसवणे हे ऐकायला सोपे काम आहे. खऱ्या गाडीला पाच सेंटीमीटर म्हणजे मॉडेलला दोन मिलिमीटर. पण बीटलच्या मागच्या चाकांचा आस मध्ये गिअरबॉक्सपाशी सांध्यावर झुलतो, त्यामुळे गाडी खाली आली की मागची चाके सरळ राहत नाहीत. वरून आत आणि खालून बाहेर अशी कलतात. हा कल दिला नाही तर बीटल ओळखणाऱ्या माणसाला काहीतरी खोटे आहे हे एका नजरेत कळते, मग त्याला कारण सांगता येवो वा न येवो. मी मागचा आस मधोमध कापला, दोन्ही तुकडे काही अंशांत तिरके करून पुन्हा जोडले, आणि मग टायरांकडे वळलो. खरे टायर गाडीच्या भाराने जमिनीपाशी थोडे चपटे होतात. माझ्या पन्नास-साठ ग्रॅमच्या गाडीला तो भार कुठून येणार? म्हणून प्रत्येक टायरच्या तळाला कानशीने अर्ध्या मिलिमीटरहून कमी घासून एक सपाट जागा केली. टेबलावर ठेवताच गाडी बसली. त्याआधी ती नुसती टेकलेली होती.

या छंदातले काही बदल याहून फार धाडसी असतात. छत खाली आणण्यासाठी खिडक्यांचे खांब कापतात. पण खांब आतल्या बाजूला कललेले असल्यामुळे मधला तुकडा काढला की छताचा पाय खालच्या बुंध्यावर बसत नाही, आणि मग छताचेच तुकडे करून ते लांबी-रुंदीत वाढवावे लागते. खऱ्या गाड्यांवर हे काम करणाऱ्यांनाही नेमका हाच पेच पडतो, कारण कोन चोवीसने भागले जात नाहीत. मी एका जुन्या कूपेवर, म्हणजे दोन दारांच्या मोटारीवर, ते एकदाच केले आणि ते जमले याचा मला आजही आनंद आहे, तरी पुन्हा करावेसे वाटले नाही. माझे मन बारीक बदलांत रमते.

दारे उघडी करणे हा असाच एक बदल. दाराच्या फटीतून नव्या पात्याची पाठ हलक्या हाताने पुन्हा पुन्हा ओढायची, पन्नास वेळा, साठ वेळा, तोपर्यंत प्लॅस्टिक पलीकडून पांढरट दिसू लागते आणि मग दार आपोआप सुटून हातात येते. जोर लावला तर पाते घसरते आणि बोनेटवर किंवा बोटावर रेघ उमटते. दार सुटल्यावर पहिल्यांदा डोळ्यांत भरते ती त्याची जाडी. १.२ मिलिमीटरचे प्लॅस्टिक म्हणजे मूळ मापात जवळजवळ २९ मिलिमीटरचा पत्रा. मोटारीचे दार नव्हे, ती तिजोरी वाटते. म्हणून दाराच्या आणि चौकटीच्या कडा आतून तासून धारेसारख्या पातळ करायच्या, म्हणजे डोळ्याला पत्रा दिसतो. मधला भाग जाडच ठेवला तरी चालतो, कारण तो कुणाला दिसत नाही. बिजागरी मी पितळी नळीच्या दोन तुकड्यांची आणि वाकवलेल्या तारेची केली. डाव्या दाराची पहिली बिजागरी मी चुकीच्या जागी बसवली होती. ती उपटून काढली, खड्डा लांबीने भरला आणि शेजारी नवी जागा कोरली. या खड्ड्याकडे मला पुढे परत यावे लागणार होते.

काचांचेही असेच. किटमधली एक मिलिमीटरची काच मूळ मापात चोवीस मिलिमीटरची होते आणि तिच्या जाड कडांतून प्रकाश वाकडा होऊन येतो. आत बसलेले स्टिअरिंग त्यामुळे पाण्यातल्या काठीसारखे मोडलेले दिसते. बाजूच्या सपाट काचा मी पाव मिलिमीटरहून पातळ पारदर्शक पत्र्यातून कापून बसवल्या. त्या सुपरग्लूने कधीही चिकटवू नयेत. त्याची वाफ काचेवर पांढरे धुके धरते आणि ते पुसून जात नाही. त्यासाठी वाळल्यावर पारदर्शक होणारा पांढरा गोंद बरा. हेडलाइटच्या काचेमागे ती बसवण्यासाठी एक खुंटी दिलेली असते आणि समोरून पाहिले की प्रत्येक दिव्याच्या मध्यावर बुबुळासारखा काळा ठिपका दिसतो. ती खुंटी कापली, मागची वाटी गोल कोरली, तिला चकचकीत धातूचा वर्ख लावला आणि मग काच नुसती कडेने टेकवली. त्या एका बदलाने गाडीच्या चेहऱ्यात जो जिवंतपणा आला, तो इंजिनवर घालवलेल्या दोन आठवड्यांनी आला नव्हता.

इंजिनबद्दल थोडेच सांगतो, कारण मागचे झाकण उघडल्याशिवाय ते दिसतही नाही. बीटलचे हवेने थंड होणारे चार सिलिंडरांचे इंजिन मागे असते. स्पार्क प्लगची वायर खऱ्या गाडीत सात-आठ मिलिमीटर जाडीची, म्हणजे माझ्याकडे ०.३ मिलिमीटरची. प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीने वीज पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीवर त्याच मापाच्या ड्रिलने पाच भोके पाडली, एक मधोमध कॉइलच्या वायरसाठी आणि चार भोवती. ते ड्रिल चिमटीत धरलेल्या केसासारखे असते आणि हात जरा तिरका झाला की तुटते. माझी दोन तुटली. वायरी लावताना मी सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा एक-चार-तीन-दोन हा क्रम पाळला. तो क्रम दिसणार नाही हे मला माहीत होते, पण चुकीच्या क्रमाने लावलेल्या वायरींवर झाकण बंद करून मला झोप आली नसती.

मग रंग. अंगाला फिकट निळसर राखाडी आणि पुढच्या उजव्या मडगार्डला त्याच निळ्याची जरा उन्हाने उडालेली छटा, असे ठरवले होते. ती छटा माझ्याकडे फक्त इनॅमल या सावकाश वाळणाऱ्या रंगात होती. मडगार्डावर इनॅमल मारले, दोन दिवस थांबलो, हाताला कोरडे लागले म्हणून सगळ्या गाडीवर झटपट वाळणाऱ्या लॅकरचा चकाकीचा हात फिरवला. पाच मिनिटांत मडगार्डावर दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या धरल्या. वरून कोरडे वाटणारे इनॅमल आतून ओले होते आणि लॅकरमधल्या तीव्र थिनरने ते फुगवून उचलले होते. हा नियम मला माहीत होता आणि तो मी इतरांनाही सांगितला होता: इनॅमलवर लॅकर मारू नये, आणि कोणत्याही रंगावर पुढचा हात देण्याआधी गाडी नाकाजवळ धरून पाहावी, थिनरचा वास येत असेल तर रंग अजून वाळलेला नाही. त्या दिवशी वास येत होता. मी थांबलो नाही. पुढे आठवडाभर ती बॉडी ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवली, जुन्या टूथब्रशने घासून पुन्हा राखाडी प्रायमरपर्यंत आणली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. वाळायला लागणारा काळ हा गाडी लहान आहे म्हणून लहान होत नाही, हे त्या आठवड्याने मला पुन्हा शिकवले.

दुसऱ्या खेपेला सगळा रंग लॅकरचाच घेतला. त्याआधी मागच्या झाकणावरच्या अक्षरांसाठी एक जुनी युक्ती केली. अक्षरे इतकी बारीक होती की ब्रशच्या एका केसानेही ती भरता आली नसती. म्हणून प्रायमरवर, रंगाच्या आधीच, त्या अक्षरांवर पातळ अ‍ॅल्युमिनियमचा चिकट वर्ख बसवला आणि कापसाच्या काडीने तो दाबत राहिलो, तोवर प्रत्येक वेलांटी वर उठून दिसू लागली. मग कडेने कापून त्यावर इतर गाडीबरोबर रंग मारला. रंग वाळल्यावर कापडाचा कोपरा थिनरने जेमतेम ओलसर करून अक्षरांच्या माथ्यावरून एकदाच फिरवला. उंचावरचा रंग निघाला, खोलगटातला राहिला आणि निळ्यातून चंदेरी अक्षरे उगवून आली. हा क्षण मी वीसेक वेळा तरी अनुभवला असेल. दर वेळी मी श्वास रोखलेला असतो.

फटींत भरण्यासाठी काळा रंग वापरायचा मोह होतो, तो टाळावा. फिकट गाडीवर काळ्या रेघा चित्रातल्या रेघांसारख्या दिसतात. अंगाच्याच रंगाची गडद छटा फटीत सोडली की सावली पडल्यासारखे वाटते. गंजाच्या बाबतीतही मी हात आखडता घेतो. मडगार्डच्या खालच्या कडेला स्पंजच्या तुकड्याने दोन-चार ठिपके, टायरांच्या खोबणीत वस्त्रगाळ करून लावलेली मातीच्या रंगाची पूड, एवढेच. घरातली साधी धूळ मॉडेलवर धूळ वाटत नाही, तिथे ती खडीसारखी दिसते. पाणी तर वापरताच येत नाही: चार मिलिमीटरचा थेंब बोनेटवर ठेवला तर तो मूळ मापात दहा सेंटीमीटरचा पाण्याचा गोळा होतो.

प्रकाशाशी मात्र समेट करता येतो, हे मला मायकेल पॉल स्मिथ या अमेरिकी कलावंताच्या छायाचित्रांनी दाखवले. एल्गिन पार्क नावाचे एक कल्पित गाव त्यांनी उभे केले होते. एक चोवीसांशच्या गाड्या आणि स्वतः केलेल्या काही इमारती ते उघड्यावर एका टेबलावर मांडत, आणि मागे दूरवर दिसणारी खरी झाडे, खरी घरे आणि खरे आकाश अशा रीतीने जुळवत की टेबलाची कड आणि रस्ता एकच व्हावेत. २०१८ साली ते वारले. त्या चित्रांत नंतर बदल केलेले नाहीत, सगळी करामत कॅमेऱ्यासमोरच आहे. ती पाहिल्यावर मी स्वतःच्या गाड्यांची छायाचित्रे दिव्याखाली काढणे सोडले. उभ्या माणसाचे डोळे १६० सेंटीमीटरवर असतात असे धरले, तर मॉडेलपुढे कॅमेऱ्याचे भिंग टेबलापासून सात सेंटीमीटरांहून खालीच हवे. भिंगाचे छिद्र (अॅपर्चर) जितके बारीक करता येईल तितके करायचे, म्हणजे पुढचा आणि मागचा बंपर दोन्ही स्पष्ट येतात. एक जरी धूसर झाला तरी वस्तू लहान आहे हे उघड होते. बाकीचे काम सकाळचे ऊन करते. ज्या सूर्याखाली खरी बीटल उभी राहते त्याच सूर्याखाली माझी उभी असते आणि तिची सावली तितकीच रेखीव पडते.

गाडी पूर्ण झाली त्या आठवड्यात मी ती एका खोक्यात कापूस घालून मिस्त्रींकडे घेऊन गेलो. ज्या बीटलची मापे घेतली होती ती केव्हाच तिच्या मालकाकडे परत गेली होती. मिस्त्रींनी हात फडक्याला पुसले, गाडी तळहातावर घेतली, आणि मला वाटले होते तसे इंजिन, दारे किंवा मडगार्डची वेगळी छटा यांतले काहीच आधी पाहिले नाही. ते दोन पावले मागे सरले, ट्यूबलाइटच्या खाली आले आणि तळहात हळूहळू कलता करू लागले. पांढरी रेघ छताच्या पुढच्या कडेवर उमटली. ती गोलाईवरून न मोडता मागे गेली, मागच्या काचेच्या चौकटीवर क्षणभर अडली, झाकणावर उतरली. उजव्या दारावरून ती दोऱ्यासारखी सरकली. मग त्यांनी गाडी फिरवली. डाव्या दारावर, पुढच्या कडेपासून जरा मागे, रेघ एकदा थरथरली.

त्यांनी नखाचे टोक तिथे टेकवले. ‘‘इथं काहीतरी भरलंय.’’

‘‘बिजागरी काढली होती,’’ मी म्हणालो.

ते काही बोलले नाहीत. गाडी त्यांनी माझ्या हातात परत दिली, फळीवरच्या डब्यातून दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरचा एक बोटभर तुकडा फाडला, पाण्यात बुडवला आणि माझ्यासाठी शेजारचे स्टूल ट्यूबलाइटखाली ओढले.